नव्वदाव्या दिवसाची पाहुणी

कर्णिक बाई कुणाच्याही घरी गेल्या की माणसांच्या आधी चपला बघत. नुसत्या बघत नसत, उचलून बघत. दारात उकिडव्या बसायच्या, चष्मा कपाळावर सारायच्या आणि पेशंटची चप्पल उलटी करून तळ निरखायच्या. कर्जतच्या जुन्या घरातली, एवढी शिकलेली डॉक्टरीण आपल्या सासऱ्यांची चप्पल हातात घेऊन बसलेली बघून घरच्या सुनांना तोंड कुठे लपवावं ते कळत नसे. कुणीतरी "अहो, असू द्या, असू द्या" करत धावत यायचं. बाई मान वर न करता म्हणायच्या, "डावा पाय अजून ओढतोय. कड झिजलीय. पण झिजलीय म्हणजे चालतोय. भोईर, लिही."

भोईर म्हणजे मी. स्टेशनपासून पाच मिनिटांवर बाईंचं स्कॅन सेंटर होतं, तिथे मी अकरा वर्षं टेक्निशियन होतो. पेशंटला मशीनमध्ये सरकवायचं आणि बटणं दाबायची हे माझं काम. लोकांच्या चपलांची नोंद ठेवणं माझ्या नोकरीच्या पत्रात कुठेही नव्हतं. पण बाईंना "हे माझं काम नाही" म्हणणारा माणूस त्या काळात कर्जत तालुक्यात नव्हता, आणि खालापूर तालुक्यातही मला कधी भेटला नाही.

आमच्याकडे पक्षाघाताला पक्षाघात म्हणत नाहीत. "अंगावरून वारं गेलं" म्हणतात. वारं गेलेला माणूस आमच्याकडे आला की डोक्याचा स्कॅन व्हायचा. रक्त वाहिलंय की गुठळी अडकलीय हे आधी बघायचं. गुठळी असेल आणि वेळेत आणलेलं असेल, तर शेजारच्या हॉस्पिटलात ती विरघळवायचं इंजेक्शन देत. मग बाई फोटो पुढे ओढून मोजायला बसायच्या. मेंदूच्या त्या बाजूचे दहा भाग धरायचे आणि खराब दिसेल त्या प्रत्येक भागाचा एक गुण कापायचा. दहातले नऊ उरले तर उत्तम. चार उरले तर बाई चष्मा पुसत बसत.

इथपर्यंत सगळीकडे होतं तसंच. बाईंचं वेगळेपण यापुढे सुरू व्हायचं. त्यांच्याकडे एक लांबट निळं रजिस्टर होतं. त्यात नाव, गाव, गुण आणि पुढे एक रकाना: 'तीन महिन्यांनी'. या रकान्यात त्या तिथल्या तिथे आपला अंदाज लिहायच्या. स्वतः चालेल. काठीने चालेल. बोलणार नाही. बिछान्यावर. त्याच्या पुढचा रकाना रिकामा ठेवायचा. आणि बरोबर नव्वदाव्या दिवशी, किंवा त्याच्या जवळच्या गुरुवारी, तो रिकामा रकाना भरायला बाई त्या माणसाच्या घरी जाऊन उभ्या राहायच्या. न सांगता.

"मॅडम, फोन करून विचारू का?" असं मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"फोनवर सगळे बरेच असतात," बाई म्हणाल्या. "हेल्मेट घे."

स्कूटर त्या चालवायच्या. मी मागे बसायचो, मांडीवर रजिस्टर घेऊन. मिशीवाला बाप्या मागे आणि साठीची बाई पुढे, हे दृश्य बघायला चारफाट्यावर लोक चहा सोडून उठत. माझ्या बायकोच्या माहेरापर्यंत ही बातमी गेली होती. मी एकदा धीर करून म्हणालो, "मॅडम, मी चालवतो ना." त्यावर त्या म्हणाल्या, "तू खड्डे चुकवतोस, भोईर. त्यात वेळ जातो."

न सांगता जाण्यामुळे काय व्हायचं, तर आम्ही कोण हे कुणालाच पटायचं नाही. डॉक्टर घरी येतो, आणि तोही आपणहून, फुकट, यावर कोण विश्वास ठेवणार? खालापूरकडे हायवेच्या अलीकडे एका घरी गेलो होतो. त्या भागात गाडी थांबवून घराकडे बघणारा माणूस एकाच कामाला येतो. बाई स्कूटरवरून उतरल्या आणि सवयीने अंगण, पायऱ्या, विहीर असं निरखू लागल्या, म्हातारा कुठून कुठे चालत असेल याचा अंदाज घ्यायला. पाच मिनिटांत थोरला मुलगा आतून सातबाऱ्याची प्रत घेऊन आला. धाकट्याने खुर्ची दिली, सरबत आलं, रस्ता कुठून निघेल ते सांगून झालं. बाईंनी सरबत घेतलं. त्यांना वाटलं, लोक अगत्यशील आहेत.

पेशंट पडवीत खाटेवर बसला होता. तीन महिन्यांत त्याच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. बाईंच्या रजिस्टरातही 'बोलणार नाही' असंच लिहिलेलं. मुलगा बोटाने बांध दाखवत होता तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "इकायची नाय."

म्हाताऱ्याने एकदा पोरांकडे बघितलं, एकदा बाईंकडे, आणि परत म्हणाला, "इकायची नाय."

पोरांचे चेहरे पडले. बाईंचा इतका उजळला की मी कधी बघितला नव्हता. "परत म्हणा," त्या म्हणाल्या. म्हातारा परत म्हणाला, या वेळी हात उगारून. "हातही उचलतोय. भोईर, लिही, लिही." येताना त्यांनी स्टेशनवर दोन वडे घेतले आणि दोन्ही स्वतः खाल्ले. अंदाज चुकला, आणि तो माणूस आपल्या अंदाजापेक्षा बरा निघाला, की बाईंना भूक लागायची. अंदाज बरोबर आला की त्या घरापर्यंत गप्प असत.

आता ते सेंटर दुसऱ्यांनी घेतलंय. नवीन मशीन आलंय, त्याच्याबरोबर कॉम्प्युटर आहे. तो मिनिटभरात मेंदूत लाल-हिरवा रंग भरतो आणि आकडा सांगतो. बाईंचा आणि त्याचा आकडा पुष्कळदा सारखाच येईल, मी खोटं कशाला बोलू. बाईंनी इथलं, भिसेगावचं घर बंद केलं, मुलीकडे गेल्या आणि गेल्या वर्षी तिथेच वारल्या. मला त्यांची आठवण येते. रोज येते आणि बहुतेक वेळा हसू येतं.

बाईंचा एक नियम होता: आकडा आणि अंदाज खोलीबाहेर जाता कामा नये. हा नियम माझ्यामुळे झाला. एका घरच्यांनी फारच गळ घातली म्हणून मी सांगून बसलो, "आजोबांना दहापैकी आठ आहेत." मार्क म्हटले की आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. त्यांच्या व्याह्यांना आदल्या वर्षीच वारं गेलं होतं. ते घरचे दुसऱ्या दिवशी सेंटरवर हजर. आमच्या अण्णांना किती होते? मी त्यांनाही सांगितलं, सहा. झालं. आठवाले लग्नाकार्यात आठ सांगू लागले. सहावाले म्हणू लागले, आमच्या वेळी मशीन जुनं होतं. दोन्ही म्हातारे चांगले चालत होते, पण एका मांडवात बसेनात. शेवटी सहावाले पुन्हा स्कॅन करून द्या म्हणून आले, मार्क वाढतात का बघायला. त्या दिवशी बाईंनी मला खुर्चीवर बसवून शांतपणे समजावलं. ते शांतपणे समजावणं मी आठवडाभर विसरलो नाही.

"फोटो घराचा असतो, भोईर," त्या म्हणाल्या होत्या. "आत राहणारा माणूस काय करेल ते फोटोत येत नाही. म्हणून मी लिहिते. सांगत नाही."

आणि हा नियम एकदाच मोडला, तो बाईंनी स्वतः.

पळसदरीच्या बाजूच्या एका वाडीतून हौसाबाईंना आणलं होतं. साठीच्या पुढच्या, अंगाने काटक. पहाटे उठल्या त्या डावा हात-पाय लुळा घेऊनच. म्हणजे झोपेत कधी झालं ते झोपेलाच ठाऊक. त्यात घरच्यांनी आधी कुणाकडून तरी तेल चोळून घेतलेलं. इंजेक्शनची वेळ केव्हाच टळली होती. स्कॅन झाला, बाईंनी मोजलं, चार उरले. बाई चष्मा पुसू लागल्या.

हौसाबाईंचा मुलगा बाळाराम अतिशय सज्जन माणूस. सज्जन माणसांचा त्रास असा की त्यांना ओरडता येत नाही. त्याने काचेच्या दारातून डोकं घालून विचारलं, "मॅडम, आये चालंल ना?" बाई म्हणाल्या, आत्ताच काही सांगता येत नाही. तो गेला, आला. "मॅडम, चालंल ना?" बाहेर दुसरे तीन पेशंट, एकाला उलट्या होत होत्या, फिल्मचा प्रिंटर अडकलेला. बाळाराम सातव्यांदा आला तेव्हा बाई रजिस्टरात लिहीतच होत्या. मान न उचलता, जे लिहीत होत्या तेच तोंडातून निघून गेलं. "नाही चालणार त्या."

बाळारामने हात जोडले. "बरं मॅडम," म्हणाला आणि गेला. परत विचारायला आला नाही.

नव्वदाव्या दिवसाच्या गुरुवारी आम्ही त्या वाडीत पोचलो. घर बघूनच कळत होतं की या घरात म्हातारीची काळजी घेतात. पडवीत नवीन खाट, जाड गादी, डोक्याशी पंखा, हाताशी तांब्या. हौसाबाई न्हाऊमाखू घातलेल्या, केस विंचरलेले, अंगावर स्वच्छ लुगडं. बाईंनी दारात चपला शोधल्या. हौसाबाईंच्या चपला नव्हत्याच.

"त्या म्हायेरी देऊन टाकल्या," सून सुगंधा म्हणाली. "आता काय उपेग?"

बाई खाटेजवळ गेल्या. पांघरूण सारलं, डाव्या पायाच्या तळव्यावर पेन फिरवलं, पाय उचलायला सांगितलं. तो उचलला गेला. फार नाही, वीतभर. पण हवेत राहिला. बाईंनी हात लावून खाली दाबला, तरी त्याने जोर केला. बाईंनी तो पुन्हा उचलायला लावला. मग माझ्याकडे बघितलं. मी अकरा वर्षांत त्यांचा तसा चेहरा बघितला नव्हता.

"बाळाराम," त्या म्हणाल्या, "यांना उभं कधी केलं होतं?"

बाळाराम अभिमानाने पुढे आला. "कदीच नाय मॅडम. तुमी सांगितलं तसंच ठेवलंय. येक पाऊल टाकू दिलं नाय. दवाखान्यातून तो व्यायामवाला पोरगा आला व्हता दोनदा, त्याला बी मी बोललो, मॅडमनी मशीनमदी बगितलंय, तू उगा तरास नको देऊ. ती उठाया बगायची पयल्या पयल्यांदा. आमी धरून ठेवायचो."

बाई खाटेच्या कडेवर बसल्या. "अरे," म्हणाल्या, "मी चुकले."

"नाय, नाय," बाळाराम म्हणाला.

"चुकले म्हणतेय ना मी."

"तुमी कशा चुकाल मॅडम? मशीन एवढं मोठं."

त्यानंतर पाऊण तास जे चाललं ते मी कुठे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. डॉक्टर घसा कोरडा करून सांगतेय की मला काही कळत नाही, आणि घरचे हात जोडून म्हणतायत की असं बोलू नका. शेजारपाजारचे जमले, तेही घरच्यांच्या बाजूने. एक आजोबा तर बाईंची समजूत घालू लागले, की डॉक्टर माणसानं असा धीर सोडू नये. शेवटी बाईंनी माझ्या हातातलं रजिस्टर ओढलं आणि पडवीत उभं राहून मोठ्याने वाचायला लागल्या. नावं खाल्ली त्यांनी, नुसती गावं आणि चुका वाचल्या.

"कडाव. लिहिलं बिछान्यावर, माणूस बैल हाकत होता. चुकले. नेरळ. लिहिलं काठीने चालेल, महिन्याभरात गेला. चुकले. चौक. लिहिलं बोलणार नाही, मला घराबाहेर काढलं त्याने. चुकले. दहिवली. चुकले. किरवली. चुकले."

बरोबर आलेले अंदाज त्यांनी वाचले नाहीत. ते तिप्पट होते, हे मला माहीत होतं. पण मी गप्प बसलो.

पानं उलटत त्या वाचत होत्या आणि वाडीतली माणसं हळूहळू शांत होत गेली. इतका वेळ खाटेवरून कुणाकुणाकडे टकामका बघणाऱ्या हौसाबाईंनी मग पहिल्यांदा तोंड उघडलं. बोलणं जरा जड होतं, पण स्पष्ट.

"म्हंजे मी तीन म्हयने उगाच निजले?"

त्यांनी मुलाकडे बोट केलं.

"बाळाराम, मी तुला बोलत व्हते का नाय रं, पाय हालतोय? तू काय बोलायचा? फोटोत नाय." मग त्या बाईंकडे वळल्या. "मला येकच सांगा. शेतावर नका पाटवू, बाजारला नका पाटवू. संडासला माजी मी जाईन का? सून लय करती माजं. पन मला लाज वाटती. माजं मला जाता आलं पायजे."

बाई पुन्हा कसला अंदाज सांगणार? "मला माहीत नाही, हौसाबाई," त्या म्हणाल्या. "खरंच माहीत नाही. पण आजपासून बघू."

त्यानंतर आमचे सगळे गुरुवार त्या वाडीचे झाले. व्यायामवाल्या पोराला बाईंनी स्वतः शोधून परत पाठवलं, आणि त्याच्या मागोमाग आम्ही. बाई शिकवायला फारच वाईट. हौसाबाई उभ्या राहिल्या की बाईच श्वास धरून ठेवत, आणि मग "टाका पाऊल, टाका, टाका" असा घोशा लावत. एकदा हौसाबाई म्हणाल्या, "ही बाय गप बसंल का जरा? मला माजा पाय ऐकू येत नाय." बाई पडवीच्या खांबाला टेकून गप्प उभ्या राहिल्या. बाईंना गप्प बसवणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. बाळाराम सज्जन तो सज्जनच. आता बाईंनी चालवायला सांगितलंय म्हटल्यावर तो आईला दिवसातून आठ वेळा उभं करायचा, जेवतानासुद्धा. तेही बाईंनाच थांबवावं लागलं.

आपण बोललो नसतो तर ते तीन महिने गेले नसते, हे बाई विसरल्या नाहीत. येताना वाटेत मी एकदा म्हणालो, "मॅडम, चारच गुण होते. तसंही कदाचित एवढंच झालं असतं."

"कदाचित," त्या म्हणाल्या. "आता ते कधीच कळणार नाही ना, भोईर." स्कूटर त्या नेहमीसारखी खड्ड्यातूनच नेत होत्या. पण हळू.

सेंटर विकायचं त्यांचं तेव्हाच ठरत आलं होतं. मुलीचे फोन येत होते. आज निघते, उद्या निघते करत बाई महिने ढकलत होत्या, आणि कशासाठी ते मला कळत होतं. शेवटच्या गुरुवारीही आम्ही गेलो, ते निरोप घ्यायलाच. तोवर हौसाबाई चार पायांची काठी धरून पडवीभर फिरत होत्या. बरोबर सुगंधा असायचीच, कोपराला धरून.

चहा झाला. बाई उठायच्या बेतात होत्या, तेवढ्यात हौसाबाई काठी टेकून उभ्या राहिल्या. सुगंधाने कोपर धरलं. हौसाबाईंनी ते सोडवलं. "बस तू," म्हणाल्या.

मागच्या दारातून परसात, परसाच्या कडेने पत्र्याच्या दाराचा संडास. बाळारामच्या अठ्ठावीस पावलांवर. हौसाबाईंना ती किती झाली ते आम्ही कुणी मोजलं नाही, बाईंनीसुद्धा नाही. काठी, उजवा पाय, मग ओढत डावा. वाटेत कोंबडी आडवी आली, तिला शिव्या घालायला त्या थांबल्या आणि पुन्हा निघाल्या. आम्ही चौघं मागच्या दारात उभे होतो. त्या पोचल्या, दार ओढलं, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

नऊ महिन्यांत पहिल्यांदा त्या एकट्या होत्या.

थोड्या वेळाने बाळाराम अस्वस्थ झाला. "पडली बिडली तर?" म्हणत तो परसात उतरला. बाई त्याच्या पुढे धावल्या. दारापासून चार हातांवर, दाराकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"कुणी यायचं नाही इकडे," त्या म्हणाल्या.

"पन मॅडम, आये..."

"तिचा वेळ तिला घेऊ दे."

आतून हौसाबाईंचा आवाज आला, "कोन हाय गं भायेर?"

"मी आहे," बाई म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पुसायला हात खाली घेतला तर बाळाराम पुढे येईल, म्हणून त्या तशाच उभ्या होत्या.

"मंग ऱ्हावा तितंच," आतून हुकूम आला. "पन कान नका देऊ."

"नाही देत," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कर्जत सोडून गेल्या. मला बाई आठवतात त्या अशाच, परसात उन्हात हात पसरून उभ्या असलेल्या. सगळा जन्म माणसांच्या डोक्यांच्या आत डोकावण्यात गेला, आणि त्या दिवशी त्या कुणालाही आत डोकावू देत नव्हत्या.